तीन तारांचं सिगार बॉक्स गिटार किट: लाकूड चोख, कॉर्डचा कागद कच्चा

जोडून झालेलं गिटार हातात घेऊन मोकळ्या तारा छेडल्या की पहिल्याच फटक्यात भरदार आवाज येतो, आणि गडी खूश होतो. घोळ पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पडद्यावर) सुरू होतो. तिथे बोट आडवं टाकलं की मधली तार मुकी होते, जाड तार चढी बोलते. मग वाटतं, आपलाच हात कच्चा. बहुतेक वेळा हात कच्चा नसतो, किट कच्चं असतं.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. तीन तारांची किटं जवळपास एकाच साच्यातली असतात: लाकडी किंवा कागद चिकटवलेला प्लायचा डबा, त्यातून आरपार जाणारी साधारण १९ × ३८ मिमीची पट्टी (हीच गिटारची मान), फ्रेटसाठी आधीच पाडलेल्या खाचा, फ्रेटची तार, तीन खुंट्या, घोडी म्हणून आट्यांचा बोल्ट, तारा अडकवायला बिजागरी आणि सोबत कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुड्यांचा, एक छापील कागद. काहींत पिझोची चकती (डब्याचा कंप पकडून विजेचा संकेत करणारी) आणि अँपची वायर जोडायला जॅकही असतो. वाद्य मूळचं अमेरिकेतलं, परवडत नाही म्हणून घरी केलेलं. एडविन फोर्ब्सच्या १८७६ सालच्या एचिंगमध्ये तिथल्या यादवी युद्धाच्या छावणीत एक सैनिक सिगारच्या डब्याचं फिडल वाजवताना दिसतो.

लाकूडकामाला तक्रारीला जागा नाही. पट्टी मेपलची असेल तर उत्तमच. फ्रेट ठोकण्याआधी एक गोष्ट मात्र मोजून घ्या. नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या आडव्या तुकड्यावरून जातात तो) घोडीपर्यंतची लांबी ६३५ मिमी (२५ इंच) धरलेली असेल तर बारावी खाच नटच्या कडेपासून ३१७.५ मिमीवर, सातवी २११.२ वर आणि पाचवी १५९.३ वर हवी. सगळ्याच खाचा सारख्याच फरकाने सरकलेल्या दिसल्या तर चूक नटच्या जागेत आहे, नट सरकवून ती सुटते. एखादीच खाच चुकली असेल तर पट्टी बदलून मागा. खुंट्यांचे स्क्रू पितळी आणि नाजूक असतात. आधी बारीक भोक पाडा, त्यात तेवढाच लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा आणि मग पितळी बसवा, नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

आता खरी कुरबूर. किटमधली घोडी आणि नट दोन्ही उंच ठेवलेले असतात, कारण बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढे स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवणारा असतो. बाराव्या फ्रेटवर तार ४ मिमी वर असली तर काचेच्या नळीला ते सोयीचंच. बोटाने कॉर्ड धरायची तर २ ते २.५ मिमी पुरे. तार जितकी उंच, तितकी दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. नटची परीक्षा सोपी आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर बारीक कानशीने नटची खाच खोल करा, दोन घासे मारून पुन्हा बघत. एकदम खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरेल. तानपुऱ्यात जवारी मुद्दाम काढतात, इथे ती नको आहे.

नटवरचं तारांमधलं अंतर हा दुसरा दोष. ३८ मिमीच्या पट्टीवर तीन तारा ऐसपैस पसरून ठेवलेल्या असतात, बाहेरच्या तारा कडेला चिकटून. कडेची तार दाबली की ती पट्टीवरून खाली घसरते. नव्या नटवर दोन तारांत ११ मिमी ठेवा, दोन्ही बाजूंना ८ मिमी मोकळे राहतात आणि बोटं जवळजवळ पडतात.

घोडी ‘बरोबर ६३५ मिमीवर ठेवा’ असं कागदावर लिहिलेलं असतं. तिथे ठेवली तर दाबलेले सूर चढेच लागतील. २–३ मिमी मागे, म्हणजे नटपासून लांब ठेवून सुरुवात करा. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून वाजवा आणि नंतर तीच तार तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी आणखी मागे, उतरा असेल तर पुढे. जाड आणि बारीक दोन्ही तारांवर हे करून घोडी तिरपी बसवायची, अंदाजाने नाही. घोडी चिकटवू नका, ताराच तिला धरून ठेवतात.

सुरावट जी-डी-जी. आपल्या भाषेत सा-प-सा, षड्ज पांढरी पाचचा. तारा वेगळ्या मागवायची गरज नाही: इलेक्ट्रिक गिटारच्या ०.०१० संचातली पाचवी, चौथी आणि तिसरी तार (०.०३६, ०.०२६, ०.०१७) घ्या. पाचवी एका पूर्ण स्वराने उतरवून जी करा, बाकीच्या दोन जशा आहेत तशाच.

गंमत आणि अडचण दोन्ही या सुरावटीतच आहेत. मोकळ्या तारांत गंधार नाही, म्हणून कॉर्ड मेजरही नाही आणि मायनरही नाही. एक बोट आडवं टाकलं की कुठेही कॉर्ड तयार: पाचव्या फ्रेटवर सी, सातव्यावर डी. बारा मात्रांचा ब्लूज नव्हे, बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे चार मात्रांचा गट; हा गोंधळ नेहमी होतो) एवढ्यावर निघतो: चार बार मोकळे, दोन बार पाचवर, दोन मोकळे, मग सात, पाच, मोकळे आणि शेवटी पुन्हा सात, प्रत्येकी एक बार. मधल्या तारेवर दोन फ्रेट पुढे जाऊन परत आलात (०-०-० आणि ०-२-०, पाचवर ५-५-५ आणि ५-७-५) की ठेका चालू लागतो. आकडे म्हणजे फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार; ते जाड तारेकडून बारीक तारेकडे वाचायचे.

आडव्या बोटाखाली मधली तार मुकी होते ती बहुधा सांध्याच्या रेघेमुळे. तार त्या घडीत जाऊन बसते. बोट २–३ मिमी वर किंवा खाली सरकवा, आणि तळव्याकडच्या मऊ भागाऐवजी अंगठ्याकडची हाडाची कड तारांवर येईल असं वळवा. दाब फ्रेटच्या लगेच मागे द्यायचा, दोन फ्रेटच्या मधोमध नाही.

किटचा कागद इथेच संपतो. मेजर-मायनर त्यात नाहीत, आणि म्हणूनच पुष्कळ किटं महिन्याभरात भिंतीवर जातात. खरं तर बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला कोमल गंधार आणि चौथ्याला शुद्ध गंधार आहे: ०-०-३ म्हणजे जी मायनर, ०-०-४ म्हणजे जी मेजर. ०-२-४ धरा, पूर्ण ई मायनर. दुसऱ्या फ्रेटवर आडवं बोट आणि बारीक तारेवर करंगळी पाचव्याला (२-२-५) म्हणजे ए मायनर. हाच आकार कुठेही सरकतो.

मेजरचा आकार मात्र सरकत नाही. ५-५-९ कागदावर सी मेजर आहे, पण पाचव्या ते नवव्या फ्रेटचं अंतर जवळजवळ १० सेंटिमीटर आहे. त्याऐवजी जाड तार मोकळी ठेवून वर जा: ०-९-७ जी, ०-१०-९ सी, आणि ०-९-१० धरलं की जी सेव्हन (मेजरमध्ये कोमल निषाद घातलेली कॉर्ड). डी सेव्हनला ७-४-५: तर्जनी मधल्या तारेवर चौथ्याला, मधलं बोट बारीक तारेवर पाचव्याला, करंगळी जाड तारेवर सातव्याला. त्यात पंचम नाही, तरी कानाला खटकत नाही. जी, सी, ई मायनर आणि डी सेव्हन एवढ्यात कितीतरी गाण्यांची साथ होते.

काही किटं जी-डी-बी सुचवतात, तिसऱ्या जागी गिटारची दुसरी तार लावून. मोकळ्या तारांतच पूर्ण मेजर, एका बोटात कुठेही मेजर. मोह होतो. पण मायनरला बारीक तार आडव्या बोटाच्या एक फ्रेट मागे हवी (ए मायनर २-२-१), आणि मोकळ्या जीचा मायनर तर या आकारात मिळतच नाही, नटच्या मागे फ्रेट कुठून आणणार? शिवाय उदास चालीवर गंधार सतत डोकं वर काढतो. शिकायला जी-डी-जीच.

पिझोबद्दल थोडक्यात: चकतीला सुमारे १ मेगाओम इनपुट लागतो. गिटार अँपला ठीक, मोबाइलला जोडली तर आवाज पत्र्यासारखा. डब्यावर टिचकीही मोठ्याने ऐकू येत असेल तर चकती गरम गोंदाच्या जाड थरात बसवा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागद चिकटवलेल्या प्लायचं झाकण फुगतं, घोडी वर उचलली जाते आणि मे महिन्यात नीट लावलेली उंची जुलैत अर्धा-एक मिमी वाढलेली सापडते. म्हणून किट घेताना अख्ख्या लाकडाचा डबा मिळत असेल तर तोच घ्या. नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला आणि कडांना जोडणीआधीच पॉलिशचे दोन हात द्या, एकदा तारा चढल्या की आत हात जात नाही.