सुरुवात एक नंबर, पुढे नुसता गुंता

ह्या कादंबरीची पहिली शंभर पानं एका बैठकीत संपवली, खोटं नाही सांगत. लिफ्ट बंद पडते, आत पाच अनोळखी माणसं, आणि मग एकेकाचं आयुष्य उलगडत जातं. त्यातली ती नर्स तर काय उभी केलीय, ड्युटी संपल्यावर चपला हातात घेऊन जिना उतरते तो प्रसंग अजून डोक्यातून जात नाहीये. पण नंतर लेखकाने प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध लावायचा हट्टच धरलाय, ह्याच्या घटस्फोटाची केस तिच्या मामाकडे, त्या मामाचा हरवलेला भाऊ म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, अरे किती ते योगायोग! आणि नर्स? दीडशे पानं गायब, परत येते ती थेट शेवटी, तेही फोनवर. लायब्ररीत मिळाली तर वाचा, विकत नका घेऊ.