शेजारच्या आजींसाठी घेतलेले बीपीचे यंत्र

नागपुरात मे महिन्यात एखाद्या ज्येष्ठ माणसाला चक्कर आली की सारे खापर उन्हावर फुटते. आमच्या शेजारच्या आजींचेही तसेच चालले होते. त्या एकट्या राहतात, मुलगा पुण्याला असतो, आणि तुळशीला पाणी घालून उठताना त्या खिडकीचे गज धरून डोळे मिटून उभ्या राहतात, हे आमच्या अंगणातून रोज दिसत असे. विचारले की उत्तर ठरलेले : "ऊन बाधलं असेल. मुलाला कळवू नका, उगाच घोर लागेल त्याला."

अशा वेळी बोलावे तर आगाऊपणा ठरतो आणि गप्प बसावे तर जीव टांगणीला लागतो. शिवाय 'आजींची तब्येत बरी दिसत नाही' एवढ्यावर फोनवरचा माणूस काय करणार? म्हणून सीताबर्डीवरून दंडाला पट्टा बांधून चालणारे डिजिटल रक्तदाबमापक घेतले. किंमत दोन हजारांच्या आत आहे. मनगटावरची यंत्रे हात जरा वरखाली झाला तरी आकडे बदलतात, म्हणून ती टाळली.

यंत्र एका बटणावर चालते आणि त्यावरील आकडे आजींना चष्म्याशिवाय वाचता येतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पट्टा हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. यांतली शेवटची अट आजींना सर्वांत जड गेली. सोबतच्या पुस्तिकेत, जी मराठीत नाही, उभे राहून मोजण्याचा उल्लेखही नाही, आणि नेमके तेच आमच्या कामी आले. बसून आकडा १३४/७८, म्हणजे काळजीचे काहीच नाही. उठून उभ्या राहिल्यावर मिनिटभराने १०६/६४. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. आजी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात आणि रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. त्यात नागपूरचा घाम.

आकडे वहीत उतरवले, आजींना दाखवले, आणि त्यांनी होकार दिल्यावर त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. एरवी "वयानुसार होतं काका" म्हणणारा तो या वेळी म्हणाला, "थांबा, लिहून घेतो." गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे आजींना बजावले होते; पुढे वही पाहून डॉक्टरांनीच तिचे प्रमाण कमी केले.

यंत्रात उणिवा आहेत. सोबतचा पट्टा आजींच्या बारीक दंडाला मोठा होतो आणि मोठ्या पट्ट्याने आकडा कमी दिसतो, त्यामुळे लहान पट्टा वेगळा विकत घ्यावा लागला. दुकानदाराने दंडाचा घेर विचारायला हवा होता, पण तेवढी तसदी कोण घेतो? घरातल्या सर्वांचे आकडे एकाच स्मृतीत मिसळतात, म्हणून वहीला पर्याय नाही. नाडी अनियमित असल्याची खूण वारंवार दिसत असेल, तर यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये, ईसीजी काढून घ्यावा. पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण पट्ट्याचा.