जीटीओ घेताना: कारखान्यातली फोर-स्पीड की मागाहून बसवलेली फाइव्ह-स्पीड?

१९६७ ची पॉन्टिअॅक जीटीओ ही दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी घ्यायची आणि ती क्लचचीच हवी, असे ठरवून जो बाजारात उतरतो, त्याच्यापुढे थोड्याच आठवड्यांत दोन वाटा उरतात. एक तर कारखान्यातूनच मन्सी हा चार गिअरचा (फोर-स्पीड) गिअरबॉक्स घेऊन बाहेर पडलेली गाडी शोधायची, नाहीतर ऑटोमॅटिक गाडी घेऊन तिच्यात ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स हा पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवून घ्यायचा. मी मिशिगनमध्ये राहतो. दीड वर्ष या दोन्ही वाटांनी फिरलो आणि अखेर दुसरी धरली. पण पहिली वाट चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही, आणि ज्यांनी ती धरली त्यांच्या गाड्यांपाशी मी आजही थांबतो.

आधी दुर्मिळतेविषयी, कारण किमतीचे सगळे गणित तिच्याभोवती फिरते. त्या वर्षी बनलेल्या ८१,७२२ जीटीओंपैकी सुमारे ३९,००० मॅन्युअल होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. तेव्हा या गाड्या मुळात कमी बनल्या असे नाही. त्या आज विकायला येत नाहीत, एवढेच. पुष्कळशा ड्रॅग रेसिंगमध्ये झिजल्या, कित्येकींचे गिअरबॉक्स काढून दुसऱ्या गाड्यांत गेले, आणि मन्सीचे उत्पादन १९७४ मध्येच थांबल्यामुळे त्या जागी कारखान्यातला तसाच गिअरबॉक्स येणे शक्य नव्हते. ज्या उरल्या त्यांचे मालक त्या सोडत नाहीत, आणि सोडल्याच तर ओळखीतल्या ओळखीत गाडी जाते. त्यात आता नव्या गाड्यांची वाटही अरुंद झाली आहे. चॅलेंजर आणि कॅमारो या दोघींचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले, आणि चार सिलिंडरच्या मस्टँगला २०२४ पासून क्लच मिळेनासा झाला. त्यामुळे ज्याला डाव्या पायाला काम हवे आहे, असा तरुण माणूसही आता जुन्या गाड्यांकडे वळतो.

कारखान्यातल्या फोर-स्पीडच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पॉन्टिअॅक घेणाऱ्याला एक सोय आहे, जी शेव्हेल ही शेव्हरोलेची त्याच काळातली गाडी घेणाऱ्याला सहसा मिळत नाही: गाडीचा क्रमांक कळवला की पीएचएस या संस्थेकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत येते आणि गाडी कोणता गिअरबॉक्स घेऊन बाहेर पडली हे त्यावरून कळते. शेव्हेलवाल्याला पेट्रोलच्या टाकीवर एखादी बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातल्या जोडणीचा कागद, चिकटून राहिली असेल तर तिच्यावर विसंबावे लागते. शिवाय मन्सीची स्वतःची अशी एक चव आहे. पहिल्या गिअरमधली ती बारीक शीळ, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हर्स्ट कंपनीचा गिअरचा दांडा तळहातात जो घट्ट ठोका देतो, तो माझ्या नव्या गिअरबॉक्समध्ये नाही. पैशाच्या दृष्टीनेही कागदपत्रे असलेली फोर-स्पीड आपली किंमत धरून ठेवील असे मला वाटते.

तरी मी ती घेतली नाही, आणि त्याला कारण झाला एकच प्रवास. टोलेडोजवळच्या एका गृहस्थांकडे अशी गाडी होती. बिलाची प्रत होती, मागचा गिअर, म्हणजे मागच्या आसाचा गिअर, ३.५५ चा होता (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ३.५५ फेऱ्या), आणि गाडी इतकी नेटकी ठेवलेली की मी मनातल्या मनात व्यवहार पुरा केला होता. त्यांनी मोठ्या मनाने ती आय-७५ वरून डेट्रॉइटपर्यंत चालवू दिली. ते शेजारी बसले, माझी सतरा वर्षांची मुलगी मागे बसली. शहरात गाडी सुरेख चालली. हमरस्त्यावर ताशी ६५ मैलांवर आल्यावर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर जाऊन बसले आणि तिथून हललेच नाही. तो आवाज मोठा होता हे खरे, पण तो सहन करता येतो; सहन होत नाही ते त्याचे एकसुरीपण. दहा मिनिटांत आम्ही बोलणे थांबवले. अर्ध्या तासाने आतला आरसा इतका थरथरत होता की मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसू लागले. माझा उजवा हात आपोआप दांड्याकडे जायचा आणि पाचवा गिअर शोधायचा, आणि तिथे काही नसायचे. डेट्रॉइटला उतरल्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, गाडी छान आहे, पण परत जाताना मी बसने येते."

यावर उपाय नाही असे नाही. मागचा गिअर बदलून २.९३ चा घातला की फेऱ्या उतरतात. पण मग चौकातून सुटताना पहिल्या गिअरमध्ये जोर उरत नाही, हाफ क्लचवर गाडी ओढावी लागते, आणि ज्या उसळीसाठी जीटीओ घ्यायची तीच निघून जाते. मी घेतलेल्या टीकेएक्सचा पाचवा गिअर ०.६८ चा आहे, म्हणजे इंजिनच्या ०.६८ फेरीत प्रोपेलर शाफ्टची एक फेरी होते. ३.५५ चा मागचा गिअर तसाच ठेवून माझी गाडी त्याच ६५ मैलांना दोन हजारांच्या आसपास चालते, आणि मागच्या सीटवरचा माणूस काय म्हणतो ते पहिल्याच वेळी ऐकू येते.

या वाटेचेही त्रास आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. ऑटोमॅटिक गाडीच्या तळाचा पत्रा कापून वर उंचवटा वेल्ड करावा लागतो. गाडीला आपण कायमचा हात लावतो, हे मान्य करूनच कटर हातात घ्यावा. ऑटोमॅटिक पॉन्टिअॅकच्या काही क्रँकशाफ्टच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणाऱ्या पायलट बेअरिंगसाठीचे भोक पुरे पाडलेले नसते, आणि हे गिअरबॉक्स खाली उतरवल्यावरच दिसते. आमचे काम त्यापायी तीन आठवडे रखडले. थंडीत पहिली दहा मिनिटे दुसरा गिअर जरा अडून पडतो. सुटे भाग आणि मजुरी मिळून मला नऊ हजार डॉलर लागले, आणि ही सारी रक्कम पुढच्या गिऱ्हाइकाकडून परत मिळेल, अशी आशा मी धरलेली नाही.

तरीही या छंदाचे पुढे काय होणार, हा प्रश्न मनात आला की मला माझीच निवड योग्य वाटते. पुण्यात वडिलांच्या पद्मिनीवर, स्टिअरिंगजवळच्या त्या दांड्यावर, मी गिअर टाकायला शिकलो. खंबाटकीच्या चढावर हँडब्रेक आणि क्लच यांचा मेळ जमेपर्यंत वडील शेजारी गप्प बसून राहिले होते. इथे माझ्या मुलीच्या वर्गात क्लच पाहिलेली मुलेच मोजकी आहेत. मूळ मन्सी असलेल्या गाडीवर मी तिला शिकू दिले असते का, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, आणि उत्तर नाही असे आले. प्रत्येक चुकलेल्या गिअरला माझ्या डोळ्यांसमोर ते बिल उभे राहिले असते. टीकेएक्सचे सुटे भाग आज सहज मिळतात. तिने पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पाडली आणि मी वडिलांसारखाच गप्प बसू शकलो. गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताना गाडी तिनेच चालवली. मूळ गाड्या जपणारे हवेतच, नाहीतर खरी चीज कशी होती हे कुणाला कळणार नाही. पण क्लच दाबता येणारी माणसेच उरली नाहीत, तर त्या जपलेल्या गाड्या चालवणार कोण?

माझ्या गाडीतला टर्बो-हायड्रामॅटिक हा मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याचा हर्स्टचा ड्युअल-गेट दांडा आणि कापलेला पत्रा हे सारे मी चिठ्ठ्या लावून तळघरात ठेवले आहे, कारण पुढच्या मालकाचे मत वेगळे असू शकते.

तुम्ही महिन्यातून दोनदा, तेही गावातल्या गावात गाडी काढणार असाल, तर कागदपत्रे असलेली फोर-स्पीड जरूर पाहा. फक्त सौदा करण्याआधी ती निदान अर्धा तास हमरस्त्यावर चालवा, घरातले एक माणूस मागच्या सीटवर बसवा, आणि तसे करणार असल्याचे विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा.