पन्हाळा रोडचं गुऱ्हाळ: गूळ कसा आहे, काकवी कशी आहे, जावं का

एका वाक्यात सांगायचं तर गूळ एक नंबर, काकवी (गूळ व्हायच्या आधी काढलेला पातळ पाक) त्याहून भारी, पॅकिंग मात्र अगदीच साधं. सवड असेल तर पुढचं वाचा कारण मला या विषयावर थोडक्यात बोलता येत नाही, कॉलेजच्या वर्षांत चुलत्यांच्या गुऱ्हाळावर सीझनभर काम केलंय आणि गुळाचा वास आला की अजून पाय आपोआप तिकडं वळतात.

कोल्हापुरातनं पन्हाळ्याकडं निघालं की केर्लीच्या आसपास रस्त्याकडंला धूर दिसतो, चिपाडाचे म्हणजे रस काढून उरलेल्या उसाचे ढीग दिसतात, तसल्याच एका ठिकाणाबद्दल लिहितोय. नाव देत नाही, मालकांनीच सांगितलं की दादा नाव नका टाकू, रविवारी आधीच गाड्या लावायला जागा नसते आणि गर्दी झाली की आदण, म्हणजे एका वेळी शिजायला घातलेला रस, बिघडतं. म्हणणं बरोबर आहे. काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) पाक उतरायच्या वेळेला गुळव्याचं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचं, लक्ष दोन मिनिटं जरी इकडं तिकडं गेलं तरी ते अख्खं आदण करपटतं, मग सेल्फी काढणाऱ्यांना कुठं सांभाळत बसणार.

मी गेलो तेव्हा घाणा चालू होता, रस गाळून काहिलीत पडत होता. पहिली गोष्ट मी बघितली ती म्हणजे ऊस कधीचा तोडलाय. उसाच्या कापलेल्या टोकाला हात लावला की कळतं, ओलसर असेल तर आजचा, वाळून लाल पडला असेल तर दोन-तीन दिवसांचा. इथं सकाळी तोडलेला ऊस होता. हे एवढं महत्त्वाचं का, तर ऊस तोडून पडला की त्यातल्या साखरेचं रूपांतर व्हायला लागतं, आंबटपणा वाढतो, असल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं आणि चहात टाकला की दूध फाटतं. लोक म्हणतात गुळाचा चहा मला जमत नाही, अहो बऱ्याच वेळा तुमचं काही चुकत नसतं, गूळच शिळ्या उसाचा असतो. (तरी पण गूळ चहा खाली उतरवल्यावरच घाला, चांगला गूळ असला तरी.)

दुसरी गोष्ट भेंडी. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची, त्याचं ते चिकट पाणी उकळत्या रसात सोडायचं की सगळी मळी वर तरंगून येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. थोडा चुना पण लागतो, आंबटपणा मारायला. इथं भेंडीची ओली जुडी पिंपाशेजारी पडलेली होती आणि एक पोरगा मळी काढत होता ती शांतपणे, घाई न करता. मला तेवढ्यावरच निम्मा भरवसा आला. कारण मळी नीट नाही काढली की गूळ काळपट होतो आणि मग त्याला गोरा करायला पावडर घालावी लागते.

आता पावडरीचं सांगतो, कारण ज्यांना गुळाचं काही माहीत नाही त्यांनी हे समजून घ्यायला पाहिजे. हायड्रोस म्हणतात तिला, सोडियम हायड्रोसल्फाइट. आमच्या गुऱ्हाळावर ती पहिल्यांदा आली तेव्हा एका व्यापाऱ्यानंच पाठवून दिलेली, म्हणाला रंग आणा नाहीतर दर मिळणार नाही. पाक उतरायच्या जरा आधी मूठभर टाकली की डोळ्यांदेखत तांबूस पाक पिवळाधमक व्हायचा आणि काडेपेटीची काडी नाकाजवळ ओढल्यासारखा वास यायचा, डोळ्यांतनं पाणी. चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्या दिवशी जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, आमच्या पिवळ्या रव्यांना (गुळाच्या ढेपांना) जास्त दर मिळाला आणि बिनपावडरीचे जे ठेवले होते ते कोपऱ्यात पडून राहिले, ते मी स्वतः बघितलंय. या पावडरीमुळं गुळात राहणारा सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमच्या (दहा लाखांत 70 भाग) वर नको असं अन्नसुरक्षेच्या नियमात आहे, पण मूठ मारून टाकणाऱ्याला पीपीएम कोण मोजून देतंय. आणि थंडीत पिवळा दिसणारा हा गूळ काही महिन्यांनी परत काळवंडतो, म्हणजे रंग पण टिकत नाही.

म्हणून इथला गूळ बघितल्यावर बरं वाटलं. मधासारखा तांबूस, कुठं गडद कुठं फिकट, कालच्या आदणाचा वेगळा आणि आजचा वेगळा. एकसारखा रंग नाही हीच खूण आहे. मालकांना मी विचारलं सेंद्रिय आहे का, तर जे उत्तर दिलं त्यासाठीच मी पाच स्टार देतो. म्हणाले, "दादा, ऊस सेंद्रिय न्हाई आमचा, युरिया घालतोय आम्ही. गुळात पावडर न्हाई, साखर न्हाई, एवढंच सांगतो. हुबं राहून बघा आणि मग घ्या." आज शहरात प्रत्येक दुसऱ्या पाकिटावर हिरव्या अक्षरात सेंद्रिय लिहिलेलं असतं, आणि सेंद्रिय ऊस वेगळा, केमिकल न घालता केलेला गूळ वेगळा, हा फरक विकणारे सांगतच नाहीत. इथं माणूस स्वतःहून सांगतोय.

साखरेचं पण बोलायला पाहिजे. स्वस्तातली, जुनी साखर काहिलीत ओतून गुळाचं वजन आणि रंग दोन्ही वाढवायचे प्रकार चालतात, आणि कर्नाटकातला गूळ इथल्या नावानं विकायचा प्रकार तर मार्केट यार्डात कायमचं भांडण आहे. कोल्हापूर गुळाला 2014 साली जीआय (ज्या भागाचा माल त्यालाच ते नाव, असं सरकारी मानांकन) मिळालं, तरी कुठल्याही दुकानात विचारा, पाटी कोल्हापुरी आणि गूळ कुठला ते त्यालाच ठाऊक. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी. दिवाळी पाडव्याला अजून मुहूर्ताचा सौदा होतो, पेपरात फोटो येतो, पहिल्या रव्याला चढा दर मिळाल्याची बातमी येते, आणि पुढच्या आठवड्यात दर कुठं गेला ते शेतकऱ्यालाच माहीत.

दराचं गणित सांगतो म्हणजे इथला गूळ महाग का वाटतो ते कळेल. 2025-26 च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, टनाला 3550 रुपये होती, 10.25 टक्के साखर उताऱ्याला. एका टनातनं गूळ निघतो साधारण 110 ते 120 किलो. म्हणजे किलोमागं तीस रुपये तर नुसत्या उसाचे झाले. त्यात गुळव्याची मजुरी, जाळ घालणाऱ्याची, घाण्यावर बसणाऱ्याची, लाईट, भेंडी, कापड, कागद. मग दुकानात कोण चाळीस-पंचेचाळीसला शुद्ध गूळ देत असेल तर तो कुठनं तरी भरून काढत असणारच. मी गेलो तेव्हा इथं किलोची ढेप 80 रुपयांना होती. मला तर परवडलं. घरी बायको म्हणाली एवढं, मग खाल्ल्यावर म्हणाली पुढच्या वेळी पाच किलो आणा.

चव. दातात धरला की सुटतो, दगडासारखा नाही. पहिल्यांदा गोड, मागनं किंचित उसाचा वास, आणि शेवटी खारटपणा अजिबात नाही. खारटपणा कळायला जीभ तयार लागते, क्षारपड जमिनीतला ऊस असला किंवा नत्राचा मारा जास्त झाला की गूळ खारट लागतो, शिरोळकडच्या काही रानांचा लागतो तसा. हे रान पाण्याचा निचरा होणारं, माळाकडचं आहे, त्यामुळं बरं. नदीकाठच्या उसाचं म्हणाल तर 2019 आणि 2021 च्या पुरात जो ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिला त्याचा गूळ नीट बसलाच नाही, पुराचा ऊस काहिलीत घातला की गुळव्या मान हलवतो. को 92005 जातीचा ऊस होता यांच्याकडं, आपल्या कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचीच जात, खास गुळासाठी. मालकांना जातीचं विचारलं तर त्यांना आनंद झाला, म्हणाले गिऱ्हाईक कधी हे विचारत नाही.

उतरवणं बघायला मिळालं आणि त्यात मी हरवून गेलो, खोटं कशाला सांगू. पाक दाट झाला की बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात, वर येऊन फुटताना फट फट आवाज करतात, उतू जायला लागला की शेंगतेलाचे थेंब टाकतात आणि तो लगेच खाली बसतो. थर्मामीटरवाले सांगतात 118 डिग्रीला उतरवा, बरोबरच आहे ते, पण इथला गुळव्या उत्तर प्रदेशातनं आलेला, त्यानं झाऱ्यावरचा थोडा पाक थंड पाण्याच्या पातेल्यात सोडला, पाण्यातच बोटांनी गोळी वळली आणि पातेल्याच्या कडेवर आपटली. टण्णकन वाजली. लगेच काहिलीच्या कड्यात दांडका घातला, चौघं जण आले आणि सगळा पाक वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या हौदात. आण्णा असंच करायचे आणि गोळी वाजली की मला खायला द्यायचे. आता आमच्या गावात गुळव्याचं काम करणारं पोरगं राहिलं नाही, रात्री अपरात्री आगीपुढं उभं राहायचं आणि वर्षातनं चार-पाच महिनेच काम, कुणी का करावं. परप्रांतीय आलेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या चुलवाणापुढं (काहिलीखालच्या भट्टीपुढं) दहा मिनिटं उभं राहून बघावं. त्या माणसाचा हात बघून मला आदरच वाटला.

काकवी 105-106 डिग्रीला, म्हणजे गुळाच्या कितीतरी आधी काढून घेतात, यांची पातळही नाही आणि घट्टही नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर घेतली, वर थोडं तूप. आणखी काय पाहिजे. लिटरची बाटली घ्या, अर्धा लिटर दोन दिवसांत संपतो.

आता काय आवडलं नाही ते. ढेपेला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं, गरम गूळ लगेच पॅक करतात त्यामुळं आत वाफ धरते आणि वरचा थर ओला होतो. मालकांना सांगितलं, रात्रभर उघडा ठेवून सकाळी कागदात बांधा, ते म्हणाले माणूस नाही. खरं असेल, पण 80 रुपये घेताय तर एवढं करायला पाहिजे. बायकांना जायला बाथरूमची सोय नाही, एक पत्र्याचं आडोसावजा आहे ते वापरण्यासारखं नाही. लहान पोरं घेऊन जाणार असाल तर काहिलीच्या बाजूला कठडा नाही हे लक्षात ठेवा, हात धरून ठेवा, उकळत्या पाकाचा एक शिंतोडा पण मांस घेऊन जातो. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. ऑनलाईन पैसे घेतात पण रेंज जाते, रोख ठेवा. आणि ते शेंगदाणे-गूळ म्हणून बाहेर पाकीट विकतात ते घेऊ नका, शेंगदाणे जुने होते.

मालकांच्या आई तिथंच खुर्चीवर बसलेल्या असतात, गिऱ्हाईक आलं की गरम गुळाचा खडा हातावर देतात, पैसे घेत नाहीत. मी आज्जींना म्हटलं किती वर्षं गुऱ्हाळ आहे, तर त्या म्हणाल्या तुझ्या वयापेक्षा जास्त, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, पोरगा म्हणतोय यंदा सीझन झाला की कारखान्यालाच ऊस घालूया, कटकट नको. मी मालकांना विचारलं नाही त्याबद्दल. ज्यांच्या घरात महिन्याला दोन-तीन किलो गूळ लागतो अशी पन्नास घरं जरी थेट इथनं न्यायला लागली ना, तर त्यांना अडत्याकडं (बाजारातल्या दलालाकडं) रंगाच्या दरासाठी उभं राहावं लागणार नाही असं मला मनापासून वाटतं. आमच्या गल्लीतल्या सहा घरांची यादी मी केलीय, दर महिन्याला एकजण गाडी घेऊन जाणार, बाकीच्यांनी पैसे आधी द्यायचे.

जायचं असेल तर सकाळी दहानंतर जा, पहिलं आदण तोवर उतरायला येतं. रविवार टाळा. थंडीत जा, डिसेंबर-जानेवारीचा गूळ सगळ्यात चांगला, मार्चनंतर उसाला उन्हाचा फटका बसतो. स्टीलचा डबा घेऊन जा आणि प्लॅस्टिक नको म्हणून सांगा, ते ऐकतात. घरी आणल्यावर ढेप एक रात्र जाळीच्या झाकणाखाली ठेवा, मग डब्यात. काकवीच्या बाटलीचं टोपण ढिलं असतं, गाडीत उभी ठेवा, माझ्या डिकीत सगळी सांडलीय.