फोंड्यातलं प्रिंटिंगचं दुकान आणि मंगळाचा १० फुटी फोटो: ४ स्टार

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि मालक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना उगाच त्रास नको. गोव्यातल्या फोंड्यात ज्यांना कॅनव्हासवर मोठे फोटो काढून घ्यायची सवय आहे त्यांना अंदाज येईलच. बाहेर फ्लेक्सचे रोल उभे केलेले असतात, आत एक जुनं ऑफसेट मशीन, प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट चढवून छापणारं, धूळ खात पडलंय आणि त्याच्या शेजारी नवं इको सॉल्व्हंट शाईवालं. काउंटरवर मालक, कॉम्प्युटरवर एक मुलगा, बास.

काम काय होतं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही, त्यामुळे जरा मागे जावं लागेल.

२००८ ला मी कॉलेजात होतो, आणि मी, माझा आतेभाऊ आणि उसगावचा मामा, आम्ही तिघं मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरच्या, म्हणजे नासाच्या बिनमाणसाच्या गाडीच्या, मागे लागलेलो. म्हणजे मी आणि आतेभाऊ लागलेलो, मामा खाणीवर टिप्पर चालवायचा आणि आम्ही काय बघतोय ते बघायला यायचा. ही गाडी २००४ च्या जानेवारीत उतरली, ९० दिवस चालली तरी पुरे असा हिशोब होता, मंगळावरचे दिवस, आणि चार वर्षं झाली तरी चालतच होती. ऑगस्ट २००८ मध्ये ती व्हिक्टोरिया नावाच्या विवरातून बाहेर पडली, ते साधारण पाऊण किलोमीटर रुंद, आणि मग नासाने जाहीर केलं की आता एंडेव्हर विवराकडे जायचं. एंडेव्हर २२ किलोमीटर रुंद! पणजीपासून फोंड्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ मारा, साधारण तेवढा एकच खड्डा. तिथे पोचायला सरळ रेषेत १२ किलोमीटर, आपल्याकडे पणजीहून म्हापशाला जाण्याइतकं, आणि गाडी ज्या दिवशी चालेल त्या दिवशी जास्तीत जास्त शंभरेक मीटर. नासावालेच म्हणत होते की दोन वर्षं तरी लागतील, पोचेलच असंही नाही.

आम्ही लगेच पैज लावली. मी म्हटलं डिसेंबर २०१०, आतेभाऊ म्हणाला २०१२, मामा म्हणाला पोचायचीच नाही. हरणाऱ्याने रस ऑम्लेट द्यायचं, म्हणजे वर रस्सा ओतलेलं आपलं गोव्याचं ऑम्लेट.

मग तीन वर्षं रोज सकाळी नेट लावून आज गाडीने पाठवलेले कच्चे फोटो आले का बघायचं. ही नासाची एक गोष्ट मला फार आवडते, फोटो आले की शास्त्रज्ञांनी कुलूप लावून ठेवायचे नाहीत, सगळ्यांसाठी लगेच नेटवर टाकायचे, काळेपांढरे, वेडेवाकडे, जसे आलेत तसे. जगभरचे लोक ते जोडून स्वतःचे पॅनोरामा बनवायचे, कधीकधी सरकारी फोटोच्या आधी. आमच्या भिंतीवर एक नकाशा होता, त्यात टाचण्या. बरेच दिवस टाचणी हलवायचीच नसायची. वर गाडी सरळ आग्नेयेकडे, एंडेव्हरच्या दिशेने, न जाता आधी दक्षिणेकडे निघाली, कारण मधे वाळूच्या मोठ्या लाटा होत्या आणि २००५ ला असल्याच एका ढिगाऱ्यात ती पाच आठवडे रुतून बसलेली. त्यामुळे १२ चे २१ किलोमीटर झाले.

२००९ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा क्षितिजावर एंडेव्हरची कड दिसली, फोटोत नुसती एक फिकट रेघ. आतेभावाला दिसेचना, मी बोट लावून लावून दाखवली. त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर एका लोखंड-निकेलच्या मोठ्या उल्केच्या बाजूने गाडी पुढे निघून गेलेली, नंतर फोटोत ती उल्का दिसल्यावर गाडी मागे वळवून आणली. माझी पैज आणि हे मागे वळतायत!

मामाला मात्र खरा इंटरेस्ट आला तो गाडी रिव्हर्समध्ये चालवतात हे कळल्यावर. उजवं पुढचं चाक जास्त करंट खायला लागलेलं, म्हणून ते लोक तिला मुद्दाम उलटी चालवायचे. मामा स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "ग्रीस एका जाग्यार गेलां आसतलें." आणि खरंच तेच होतं, उलटं चालवल्याने आतलं वंगण परत पसरेल अशी त्यांची अटकळ. त्याच चाकाचं स्टिअरिंग २००५ पासून जाम आहे हे सांगितल्यावर तर मामाने त्या गाडीला एकदम आपल्यातलीच मानली. शिवाय त्या मैदानावर गाडी पाठवली ती कशासाठी, तर वरून, कक्षेतल्या यानाला, हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज दिसलं म्हणून. हेमॅटाइट म्हणजे आपलंच, उसगाव-सावर्ड्याच्या रस्त्यावर झाडांची पानं ज्याने लाल व्हायची ते. इतक्या लांब जाऊन आपलीच खाण शोधली म्हणायचा.

मी पैज हरलो. डिसेंबर २०१० ला गाडी वाटेतल्या सांता मारिया नावाच्या ९० मीटरच्या खड्ड्याशी थांबली आणि नवीन वर्ष तिथेच. पोचली ९ ऑगस्ट २०११ ला, उतरल्यापासून चाललेलं एकूण अंतर तोवर साडेतेहतीस किलोमीटर, म्हणजे साडेसात वर्षांत पणजी ते मडगाव. जिथे पोचली त्या जागेला स्पिरिट पॉइंट नाव दिलं, तिच्या जुळ्या बहिणीचं, जी २०१० च्या मार्चपासून गप्प झालेली आणि मे २०११ ला जिला हाका मारणं बंद केलं. त्या नावावर आम्ही तिघं काही बोललो नाही. रस ऑम्लेट तिघांनी आपापल्या पैशाने खाल्लं कारण कोणीच जिंकलं नव्हतं.

आता दुकान.

गाडी एंडेव्हरच्या कडेवर आणखी सात वर्षं फिरली, मॅरेथॉनचं अंतर पार केलं, आणि जून २०१८ ला धुळीच्या वादळात गेली. शेवटचा निरोप १० जूनचा. १३ फेब्रुवारी २०१९ ला नासाने संपलं म्हणून सांगितलं, ४५.१६ किलोमीटर. त्याच्या आधी १३ मे ते १० जूनमध्ये तिने एंडेव्हरच्या कडेच्या आतल्या उतारावरून, पर्सिव्हरन्स व्हॅली म्हणतात तिथून, चारी बाजूंचा एक पॅनोरामा काढलेला, ३५४ फोटो जोडून. क्षितिजावरून खाली येणारे तिचेच चाकांचे माग त्यात दिसतात. नासाचे फोटो कोणीही उतरवून घेऊ शकतो, फक्त श्रेय लिहायचं. यंदा मामाच्या साठीला तो १० फूट लांब कॅनव्हासवर काढून द्यायचं ठरलं, खर्च अर्धा माझा अर्धा आतेभावाचा. उंची फाइलप्रमाणे येईल ती.

पहिली गोष्ट, दुकानात दुपारी १ ते साडेतीनमध्ये जाऊ नका, शटर खाली असतं आणि फोन कोणी उचलत नाही, गोव्यात राहून हे मला कळायला हवं होतं. दुसरी, गणेश चवथीच्या आधीचे पंधरा दिवस नाव काढू नका, सगळ्या पुढाऱ्यांचे शुभेच्छांचे फ्लेक्स त्याच मशीनवर. मी नेमका तेव्हाच गेलो. "परवा मेळटा" असं चार वेळा ऐकलं.

प्रूफ मात्र आपणहून काढून दिलं, हे बाकीकडे कोणी करत नाही. दोन फुटाचा तुकडा. लालभडक! मुलगा म्हणाला मंगळ लाल असतो ना सर, म्हणून सॅच्युरेशन वाढवलं. त्याचं चूक नाही, सगळीकडे तसलेच फोटो फिरतात. पण त्या कॅमेऱ्याने डोळ्याला दिसेल त्याच्या जवळचा रंग काढला तर जमीन तपकिरी, आकाश पण फिकट बदामी, धुळीमुळे. मी त्याला म्हटलं माडाच्या गुळाचा रंग पकड, पिरॅमिडच्या आकाराचा मिळतो तो. तो हसला पण पकडला, दोन वेळा प्रोफाइल बदलून बघितली, एकदम बरोबर. रंग तपासायला त्या गाडीवरच एक सूर्यघड्याळ होतं, कोपऱ्यांत रंगाच्या चकत्या असलेलं, कॅमेरा आधी त्याचा फोटो काढून मग हिशोब लावायचा, हे सांगितल्यावर मालकांनी ड्रॉवरमधून आपलं जुनं शेड कार्ड काढून दाखवलं. तिथे मला दुकान आवडलं.

मग ते वाक्याचं झालं. मुलाने खाली तिरक्या अक्षरात टाकायला एक ओळ सुचवली, बॅटरी संपत आली, अंधार होतोय वगैरे, गाडीचे शेवटचे शब्द म्हणून सगळीकडे असतात ते. ते गाडी बोललेली नाही हो. तिने शेवटी पाठवला तो आकडा, पॉवर किती उरली आणि आकाश किती गढूळ झालंय याचा, गढूळपणा १०.८. वाक्य एका पत्रकाराने सोपं करून लिहिलेलं. मी म्हटलं नको, १०.८ टाक. त्याने टाकलं, छोट्या अक्षरात.

आणि आता तक्रार. मुख्य प्रिंट घ्यायला गेलो, उलगडला, सुंदर, बॉर्डर मारलेली, वास सुद्धा नाही. पण काहीतरी खटकत होतं. खाली डावीकडचा कोपरा. मूळ फोटोत तिथले थोडे तुकडे काळेपांढरे आहेत आणि यात तिथे रंग! मुलगा खुशीत म्हणाला, "सर, हांगा कलर येवंक नासलो, म्हाका दिसलें फायल करप्ट जाल्या." म्हणजे बिचाऱ्याने बाजूचा रंग उचलून उचलून दोन तास बसून तो कोपरा रंगवला होता, जास्तीचे पैसे न घेता, आणि इतका सफाईने की माहीत नसलेल्याला कधी कळलं नसतं.

आता याला रागवायचं कसं. मी सांगितलं की तो कोपरा तसाच हवा. कॅमेरा रंगीत फोटो एका दमात काढत नाही, एकाच जागेचा तीन वेगवेगळ्या काचांतून, ७५३ (तांबड्याच्या पलीकडची), ५३५ (हिरवी) आणि ४३२ (जांभळी) नॅनोमीटरच्या, तीनदा काढतो आणि मग जोडतात. त्या शेवटच्या तुकड्यांच्या हिरव्या आणि जांभळ्या काचेच्या खेपा राहून गेल्या, कारण वादळ आलं. मुलगा नुसता बघत राहिला. मालक तोवर पावती लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, म्हणजे एकच प्लेट लागली, बाकीच्या चढवायच्या आधी मशीन बंद पडलं. मी पंधरा मिनिटं समजावत होतो ते त्यांनी एका वाक्यात. चाळीस वर्षं ऑफसेटवर काढलेला माणूस, त्याला एक प्लेट लागलेला कागद कसा दिसतो हे कोणी सांगायला नको.

दुसरा प्रिंट तीन दिवसांत दिला, खरंच तीन. कोपरा जसाच्या तसा करडा. कॅनव्हासला आता सहा महिने झाले, पावसाळ्याच्या दमटीत सुद्धा रंग धरून आहे, कडा वळल्या नाहीत, इंक हाताला येत नाही. मॅट घ्या, ग्लॉसी घेतलं तर ट्यूबलाइटच दिसेल. फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालणार नाही हे तेच सांगतात. फ्रेम ते करत नाहीत, पण समोरच्या गल्लीतला सुतार करतो आणि बरी करतो.

पैशाचं म्हणाल तर पहिल्याचे ३२०० आणि दुसऱ्याचे अर्धे, १६००. हा अर्धा भाग मला पटलेला नाही, चूक त्यांची होती, मी फाइलबरोबर कागदावर काहीही बदलू नका असं लिहून दिलेलं. मालक म्हणाले कॅनव्हास आणि इंक तर गेलीच ना. एक स्टार त्याच्यासाठी कापलाय.

साठीला मामाने दोन्ही प्रिंट शेजारी लावून बघितले, बराच वेळ बघितले, आणि रंगवलेला उचलून घरी घेऊन गेला. करडा कोपरा माझ्या भिंतीवर आहे.