सायंटिफिक कॅल्क्युलेटरची पॅलिंड्रोम-परीक्षा

चोपड्यात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवताना मूळ अवयव चटकन दाखवता यावेत, म्हणून गेल्या जूनमध्ये जळगावच्या एका दुकानातून अवयव पाडणारी कळ असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला. नेहमीच्या आकडेमोडीत तो चोख आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मी त्याला पारखले ते पॅलिंड्रोम संख्यांवर, म्हणजे उलट वाचल्या तरी त्याच राहणाऱ्या संख्यांवर.

१२३४५५४३२१ ही दहा अंकी संख्या दिली, तेव्हा ३ × ७ × ११ × १३ × ३७ × ४१ × २७१ असे पूर्ण उत्तर आले. यातला ११ अपेक्षितच होता, कारण सम अंकी पॅलिंड्रोममध्ये प्रत्येक जोडीतला एक अंक सम स्थानी आणि दुसरा विषम स्थानी पडतो, दोन्ही स्थानांच्या बेरजा सारख्या होतात आणि ११ ने भाग जातोच. म्हणून अशा संख्यांत खुद्द ११ वगळता एकही मूळ संख्या सापडत नाही. बाकीच्या अवयवांची जुळवाजुळव करताना एका मुलीने ती संख्या ११११११ × १११११ असल्याचे दाखवले, आणि मागच्या बाकावरून "सर, उलटं वाचं तरी तेच शे" असा अहिराणीत शेरा आला. कॅल्क्युलेटरचे पैसे माझ्या मते त्याच तासाला वसूल झाले.

मर्यादा मोठ्या संख्यांवर दिसते. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा देखणा सतरा अंकी पॅलिंड्रोम आहे, पण पडद्यावर १.२३४५६७८९९ × १०¹⁶ एवढेच उमटते आणि उतरणीचा सगळा भाग नाहीसा होतो. त्यातून १२३४५६७८९०००००००० वजा केले, तर ८७६५४३२१ ऐवजी ८७६५४३०० मिळते. म्हणजे आत पंधराच अंक जपलेले असतात. वाट काढायची, तर वर्ग करण्याआधीच्या १११११११११ चे ३² × ३७ × ३३३६६७ हे अवयव पाडून प्रत्येक घातांक दुप्पट करावा.

माझी खरी तक्रार कंसाबद्दल आहे. १०००३०००१ दिल्यावर हे यंत्र ती संख्या जशीच्या तशी कंसात टाकते, आणि कंसाचा अर्थ एवढाच की त्याने तीन अंकांपर्यंतच्या १६८ मूळ संख्या तपासून हात टेकले आहेत. ही संख्या वास्तविक मूळ आहे, परंतु माहितीपत्रकात हा खुलासा इतक्या बारीक अक्षरात आहे की विद्यार्थी कंसातल्या कोणत्याही संख्येला मूळ समजून मोकळे होतात. मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली पडदा काळवंडतो, हा त्यामानाने किरकोळ दोष.

१०००३०००१ या संख्येचे वर्गमूळ १०००१ च्या किंचित पुढे असल्याने १००९ ते ९९७३ या १०६१ मूळ संख्या तपासायच्या राहिल्या होत्या. वर्गातल्या चाळीस जणांना प्रत्येकी सव्वीस-सत्तावीस वाटून दिल्या आणि तीन दिवस वहीवर भागाकार चालले. एकाचीही बाकी शून्य आली नाही.