समोरचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलून काही महिने झाले, आता लिहितो

ब्रेकचं काम झालं त्या दिवशी सगळेच खूश असतात. पॅडल घट्ट, गाडी म्हणाल तिथे उभी. काम कसं झालंय ते कळतं काही हजार किलोमीटरनंतर, म्हणून लिहायला मुद्दाम वेळ घेतला.

गाडी जुनी, अंगाने जड एसयूव्ही. जरा वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पॅडलमधून पायाला ठोके बसायचे. याआधी एका वर्कशॉपमध्ये डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, ब्रेक दाबला की पॅड त्यांना दोन्हीकडून चिमटतात) बदलून घेतल्या होत्या. काही महिने बरे गेले, मग थरथर परत हजर. 'डिस्क तापून वाकली' हे उत्तर मिळालं. ते सगळीकडेच मिळतं. पण अशा बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतात, त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हबवरचा, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावरचा, गंज तसाच ठेवून वर नवी डिस्क बसवली की ती केसभर तिरकी फिरते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला तिची एकच बाजू पॅडला घासत राहते आणि तेवढ्याच जागी झिजते. थरथर पहिल्या दिवशी न येता उशिरा येते ती यामुळे.

त्यामुळे या खेपेला निम्मा वेळ हबवरच घालवला. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) काढून तारेने स्प्रिंगला बांधला. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क हबला चिकटून बसली होती. बऱ्याच डिस्कच्या मधल्या भागात आटे असलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटून येते. हातोडीचे घाव घातले तर बेअरिंगला मार बसतो. मग हबचा डिस्क टेकते तो भाग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टच्या) बुडाशी गंजाचं कडं जमतं, ब्रश तिथे नीट पोचत नाही, तिथे पेपरची गुंडाळी करून घासावं लागलं.

नवी डिस्क सगळे नट आवळून बसवली आणि ती किती तिरकी फिरते ते मोजायला डायल गेज लावला. एका चाकाला काटा 0.03 मिलिमीटर हलला, छान. दुसऱ्या चाकाला 0.08, म्हणजे जास्त. तीच डिस्क काढून हबवर एक भोक पुढे फिरवून बसवली, तर 0.04 वर आली. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मा फरक! नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं आणि चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), समोरासमोरचे आवळायचे.

दुसरा गुन्हेगार निघाला कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन. डावीकडची खालची पिन जाम होती. जुन्या पॅडमध्ये ते स्पष्ट दिसत होतं: आतला पॅड झिजून मागच्या पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचे कण मिसळलेले, घेतले. थंड असतानाही पकड चांगली, लांब उतारावर भरलेल्या गाडीतही पॅडल दगा देत नाही. पण चाकं काळी होतात, म्हणजे फारच काळी. ॲलॉय चमकवण्याची हौस असेल तर सिरॅमिक पॅड बघा. भोकं पाडलेल्या डिस्कच्या वाटेला मी गेलो नाही. दिसायला झकास, पण भोकांच्या कडेने तडे जातात आणि अशा गाडीला साध्या व्हेंटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क पुरतात.

बसवल्यावर आधी उभ्या गाडीत पॅडल कडक होईपर्यंत दाबून घ्यायचं, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा वेग कमी करायचा आणि नंतर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवत ब्रेक थंड होऊ द्यायचे. तापलेले पॅड दाबून उभं राहिलं की त्यांचा ठसा डिस्कवर उमटतो.

आजघडीला थरथर शून्य. परवा चाकं काढून पाहिली, आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही बाजूंना सारखेच झिजलेत. मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला. सकाळी रिव्हर्स घेताना किंचित चिरकतात, पाऊस पडून गेला की डिस्कवर तांबूस थर येतो. दोन-चार ब्रेकमध्ये दोन्ही जातं.

पॅडल मात्र हवं तेवढं टणक नाही. ते पॅड-डिस्कचं काम नव्हेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट 4 या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. रबरी होजही गाडीच्याच वयाचे आहेत. ते आतून फुगले की दाब परत यायला अडतो आणि पाय काढल्यावरही चाक धरून राहतं. आता ऑइल आणि होज एकदमच बदलणार आहे.